जोडावर टाळी

आत्या टाळ्या वाजवून शिकवायच्या. एरवी मराठी बोलताना त्या पेणमधल्या चारचौघींसारख्याच, 'नाय'ला नाय आणि 'व्हय'ला व्हय. पण नॉर्वेजियन शिकवायला बसल्या की दोन्ही हात छातीशी यायचे. शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला दोन बोटांची बारीक टाळी, आणि जिथे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले असतील तिथे पूर्ण तळव्यांची, खणखणीत. बार-ने, मग मोठी टाळी, मग हा-गे. बार्ने म्हणजे पोरांची, हागे म्हणजे बाग. पोरांची बाग म्हणजे तिकडची बालवाडी. पहिल्या दिवशी 'हागे' ऐकून रंगकामाची पोरं माना खाली घालून हसायला लागली. आत्यांनी त्यांच्याकडे एकदा नुसतं बघितलं, आणि पोरं ब्रश धुवायला निघून गेली.

हे सगळं चालायचं पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात, शे-दोनशे कोऱ्या मूर्तींच्या पुढ्यात. मी बासष्ट वर्षांचा, डोक्याला टक्कल, पाटावर मांडी घालून टाळ्या वाजवतोय. येणारा-जाणारा विचारायचा, "काय नाना, आत्तापासूनच आरती?" माझा स्वभाव तापट आहे. बायकोला विचारलंत तर ती याहून वाईट शब्द सांगेल. पण आत्यांसमोर मी, एक दिवस सोडला तर, कधी कुणावर डाफरलो नाही. का, ते सांगतो.

मी रोह्याचा. धाटावच्या एका केमिकल कंपनीत जन्मभर शिफ्ट केली आणि रिटायर झालो. एकुलती मुलगी शलाका, तिचा नवरा इंजिनीअर, दोघं नॉर्वेत. नात ईरा तिकडचीच. आई-बाप दोघं कामावर, पोर दिवसभर बालवाडीत, त्यामुळे तिच्या तोंडी तिकडचीच भाषा बसली. दर रविवारी फोनवर चेहरे दिसायचे. मी विचारायचो मराठीत, शलाका सांगायची तिच्या भाषेत, ईरा उत्तर द्यायची, शलाका पुन्हा मराठीत. एकदा फोन चालू असतानाच पोरगी खुर्चीवरून पडली आणि भोकाड पसरलं. रडत रडत माझ्याकडे बघून ती काहीतरी सांगत होती. मी इथे ओरडतोय, अगं काय लागलं, कुठे लागलं. शलाकाने तिला उचललं, फुंकर घातली, आणि मग मला सांगितलं की कोपर खरचटलंय. तोपर्यंत ईरा खेळायला पळालीसुद्धा. नातीच्या रडण्याचाही तर्जुमा व्हावा लागतो आणि तो येईस्तोवर रडणं संपलेलं असतं, हे त्या दिवशी माझ्या जिव्हारी लागलं.

आमच्या घरात एक जुनी खोड आहे. विसर्जन झालं की आठ दिवसांत आपला पाट परत पेणच्या कारखान्यात नेऊन टाकायचा, म्हणजे पुढच्या वर्षीची मूर्ती त्याच पाटावर घडते. त्या वर्षी पाट द्यायला गेलो तेव्हा कारखान्याचे मालक अण्णा यांच्याजवळ मी मन मोकळं केलं. पुढच्या गणपतीला लेक आणि नात येणार, पहिल्यांदा गणपतीला येणार, आणि माझ्याच घरात नातीशी बोलायला मला दुभाषी लागणार. मागे पोत्यावर बसून एक वयस्क बाई मूर्तीच्या हाताची बोटं ओल्या ब्रशने साफ करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बेस्तेफार म्हणतात तिकडं आजोबाला. बेस्ते म्हंजे सगळ्यात चांगला, फार म्हंजे बाप. नुसतं आजोबा असून भागत नाय तिथं."

त्या अण्णांच्या थोरल्या बहीण. अण्णांची मुलं आत्या म्हणायची म्हणून सगळा कारखाना आत्या म्हणायचा, आणि मग मीही. नवरा नॉर्वेच्या गोदीत फिटर होता, त्याच्यामागे तरुणपणीच गेल्या. तिकडे एका बालवाडीत स्वयंपाकाला लागल्या आणि भाषा शिकल्या पोरांकडून. तीस-पस्तीस वर्षांनी नवरा वारला तेव्हा मुलाचं बस्तान बसलेलं होतं. आत्या उठल्या आणि माहेरी पेणला आल्या. माहेरची मुलगी रिकामी कशी बसेल? लहानपणी जे हात चालायचे तेच पुन्हा मातीत घातले.

मी तिथेच विचारलं, शिकवाल का. त्या म्हणाल्या, "शिकवीन. पण वही आणायची नाय. हात आणायचे." मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी रोह्याहून निघायचो. निडी, नागोठणे, कासू, पेण. गाडीत शब्द घोकायचो. नागोठण्याला चढणारी एक मासळीवाली बाई माझं पुटपुटणं बरेच दिवस बघत होती. शेवटी तिने शेजारणीला सांगितलं की बाबा जप करतायत, सरकून बस गो. मी काही खुलासा केला नाही, आयती जागा मिळत होती.

शिकवण्याची तऱ्हा अशी. ओल्या शाडूची बोटभर जाडीची फरशी थापायची, बिस्किटाच्या पुड्याएवढी अरुंद. त्यावर त्या कोरणीने एक लांबलचक शब्द लिहायच्या, आगगाडीसारखा, मध्ये कुठे श्वास नाही. नॉर्वेजियन माणूस दोन शब्द जोडले की मध्ये फट ठेवत नाही. फरशीवर शब्द मावायचा नाही, खालच्या ओळीत न्यावा लागायचा, आणि तो कुठे तोडायचा ते मी सांगायचं. "आधी जोड बघा," त्या म्हणायच्या. "मग तोडा. मग अर्थ." मी नको तिथे कोरणी टेकवली की हातावर चापट बसायची. "नाना, हात मनगटात सुटतो, नायतर खांद्यात. मधीच हाड मोडून वेगळा करायचा नाय." बरोबर जागा सापडली की फरशी तिथे तारेने कापायची, दोन्ही तुकडे वेगळे वाचायचे, आणि पुन्हा पातळ माती लावून जोडायचे. काही शब्दांत दोन भागांच्या मध्ये एक उपरा 'स' येतो, त्याला त्या जोडाची पातळ माती म्हणत. व्याकरणातलं त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

शब्दाच्या आधी लागणारी बारकी अक्षरं त्यांनी मला फळीवरच्या मूर्ती दाखवून शिकवली. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती. एकीच्या डोक्यावर मुकुट, दुसरीच्या फेटा. "गिऱ्हाईक दोन वेगळे गणपती समजतं. धड तेच हाय." वेर म्हणजे हवा, त्याच्या डोक्यावर 'ऊ' ठेवा, ऊवेर, म्हणजे वादळ. वेन म्हणजे मित्र. दोन पोरं बालवाडीत भांडली की 'ऊवेन्नेर' होतात. मी म्हटलं, म्हणजे आपला अबोला. आत्यांनी हात थांबवला, 'अ-बोला' असं म्हणून हळूच टाळी वाजवली आणि खूश होऊन हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं दोन्ही भाषा तोंडात हायत, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. पाच-सहा महिने झाल्यावर मी मोडकंतोडकं का होईना बोलायला लागलो, तशा आत्या धडा संपला तरी मला सोडेनात. चहा आणायच्या, आणि मग तिकडच्या हवेचं, बर्फाचं, बालवाडीतल्या कुठल्या द्वाड पोराचं असं काहीबाही त्या भाषेत सांगत बसायच्या. मला निम्मं कळायचं. अख्ख्या पेण तालुक्यात त्यांच्याशी या भाषेत बोलणारा मी एकटा होतो. तेव्हा मी यालाही माझाच सराव समजत होतो. माणूस आपल्याच गरजेपुरतं बघतो, दुसरं काय.

ज्येष्ठात मी एक घोळ केला. हात जोडायचं काम मला आता देऊ लागले होते, साध्या मूर्तींचं. एका दुपारी अण्णा गावाला गेलेले, आत्या आत झोपलेल्या, आणि मला चेव चढला. साच्यातून काढलेले ताजे ओले हात मी उचलले आणि आठवड्यापूर्वीच्या सुकलेल्या सात धडांना बसवून टाकले. काय सुबक दिसत होते. शुक्रवारी येऊन बघतो तर सातही मूर्तींना खांद्याशी केसाएवढा तडा. असली मूर्ती कुणी घरी नेत नाही. मी खजील होऊन उभा. आत्यांनी एकेक हात अलगद काढला, माती पुन्हा भिजत टाकली आणि एवढंच म्हणाल्या, "दोन्हींत ओल सारखी पाहिजे. ओला हात आकसतो, सुकं धड जागचं हलत नाय. मग जोड फाटतो." मी अण्णांना नुकसान भरून देतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, भिजवली की माती परत माती, त्यात काय.

गणपतीच्या आठ दिवस आधी शलाका आणि ईरा आल्या. मी पहाटेपासून इस्त्रीचा सदरा घालून तयार. अकरा वाक्यं पाठ केलेली, आत्यांनी तपासलेली. गाडी दारात थांबली, पोरगी उतरली, पाच वर्षांची, झोपेतून उठलेली, घामाघूम. आणि मी उंबऱ्यावरच सुरू झालो. तुझं स्वागत असो, मी तुझा बेस्तेफार, प्रवास कसा झाला, तुझ्यासाठी झोपाळा बांधलाय, अकराच्या अकरा. शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं, बायको थक्क झाली. ईरा आईच्या मागे लपली.

पुढचे तीन दिवस मी तिच्या मागे मागे. झोपाळ्यावर बसतेस का, मोदक बघतेस का, नदीवर येतेस का. ती माझ्याकडे बघेचना. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला तेव्हा ती आईकडे वळली आणि माझ्याकडे बोट दाखवून एक शब्द म्हणाली. शलाका गडबडून म्हणाली, काही नाही बाबा, दमलीय ती. पण तर्जुम्याची गरजच नव्हती. ऊवेन्नेर. अबोला. अकरा महिने जिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तिच्या तोंडचा मला थेट कळलेला पहिला शब्द हा होता.

मी तिरमिरीत पेण गाठलं आणि आत्यांवर बरसलो. तुमची भाषा वाया गेली, पाणी घाला त्या फरशांवर, वगैरे. गणपतीचे दिवस, कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोर कधी आली?"

"शनिवारी."

"आणि तुम्ही कधीपासून भिजताय?"

ते सात तडे माझ्या डोळ्यांपुढे आले.

"मग आता काय करू?"

"सुकलेल्या धडाला काय करतो आपण? ओलं फडकं ठेवतो आणि गप बसतो. उद्या तिला घेऊन या. आणि नाना, तोंड बंद."

दुसऱ्या दिवशी मूर्ती बघायच्या निमित्ताने शलाका, ईरा आणि मी गेलो. मला वाटलं होतं आत्या तिच्याशी तिच्या भाषेत बोलतील आणि पोर खुलेल. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. ईरासमोर शाडूचा गोळा ठेवला, मला एक गोळा दिला, आणि आपल्या कामाला लागल्या. मी उंदीर करायला घेतला. ईरा थोडा वेळ बघत राहिली, मग तिनेही हात घातला. अर्धा तास गेला असेल. मी जीभ दातांखाली धरून बसलो होतो, माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते बायकोला विचारा. ईराच्या उंदराचं शेपूट राहीना. लावलं, पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिचा ओठ थरथरायला लागला, आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी वाटीतलं पाणी बोटावर घेतलं, शेपटाला लावलं, उंदरालाही लावलं, जरा थांबलो, आणि हलकेच दाबलं. शेपूट राहिलं. तिने ते निरखून बघितलं आणि मुद्दाम ओढून काढलं.

"एन गांग तिल, बेस्तेफार," ती म्हणाली. म्हणजे, अजून एकदा, आजोबा.

त्या दिवशी ते शेपूट आम्ही वीस वेळा तरी जोडलं. परत येताना कासूच्या पुढे ती माझ्या मांडीवर बसून बोलत सुटली ती विसर्जनापर्यंत थांबली नाही. मला निम्मं कळायचं, पण मी होकार द्यायला चुकलो नाही. त्या वर्षी आमच्या मूर्तीचा उजवा हात मी जोडलेला होता. कुंडलिका नदीच्या पाण्यात उतरेपर्यंत तो जिथल्या तिथे होता आणि मी दहाजणांना तो दाखवला.

लेक-नात परत गेल्यावर आत्यांचे आभार मानायला साडी घेऊन गेलो, तेव्हा त्या पहिल्यांदा स्वतःचं बोलल्या. मुलगा लहान असताना त्यांनी घरात मराठी बंद केली होती. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्यांनाच वाटलं की पोर मागे पडायला नको. पोर पुढे गेलं. आता फोन करतो, आईशी बोलतो, सगळं नॉर्वेजियनमध्ये. "मी गाण्यांशिवाय झोपवला त्याला, नाना. मला येत व्हती ती गाणी तिकडची नव्हती, आणि तिकडची मला येत नव्हती." साडीची घडी त्यांनी मांडीवर ठेवली होती, तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, मंगळवारी या, अजून तुमचं ख्रियापद कच्चं हाय. क्रियापदाला त्या ख्रियापदच म्हणायच्या.

पण ते मंगळवार फार उरले नव्हते. गुडघे धरले, डोळ्यांना कमी दिसायला लागलं, आणि चैत्रात मुलगा न्यायला आला. निरोपाला मी हजर होतो. उंच, केस पिकायला लागलेला माणूस, आईची बॅग हातात घेऊन कारखान्याच्या दारात अवघडून उभा होता. मी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललो, त्याच्या आईने शिकवलेल्या टाळीच्या भाषेत, जोडाजोडावर थांबत. तो माझ्याकडे बघतच राहिला. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही. आत्या म्हणाल्या, "येते हां, नाना." मी म्हटलं, "पो येन-सीन." येन म्हणजे पुन्हा, सीन म्हणजे दिसणं. त्यांनी गाडीच्या खिडकीतून एक मोठी टाळी वाजवली, बरोबर जोडावर.

त्यांच्या मुलाचं गाव शलाकापासून दोन तासांवर. ती एकदा ईराला घेऊन त्यांना भेटायला गेली, आणि मग एक रविवार आड जायलाच लागली. तिकडे शाडू कुठली, आत्या कणीक मळायच्या आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसायच्या. काय चाललंय ते मला कुणी सांगितलं नाही. एका रविवारी फोनवर ईराचा चेहरा आला, तिने दोन बोटांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि म्हणाली, "आ-जो-बा, जेव-लात काय?"

बायको पदराने डोळे पुसत आत गेली. मी नीट उत्तर द्यायच्या ऐवजी विचारलं, हे कुणी शिकवलं. जसं काही मला माहीतच नव्हतं. त्यानंतर दर रविवारी नवा शब्द. आग-गाडी हा शब्द तिला फार आवडला. आग लागलेली गाडी म्हणून तिने चित्रही काढलं. हात-रुमाल, मीठ-भाकरी. आणि सगळी बोली पेणची. "नाय" आणि "हाय" ऐकून बायको कुरकुरायची की शुद्ध बोलायला शिकवा पोरीला. मी म्हटलं, खबरदार, एक अक्षर बदलायचं नाही.

आत्या मात्र थकत चालल्या होत्या. फोनवर दिसायच्या कधीकधी, खुर्चीत, अंगावर लोकरीची शाल. आम्ही दोघं नॉर्वेजियन बोलायचो आणि ईरा मध्येच मराठी, आणि कुणालाच त्यात काही विचित्र वाटायचं नाही. मुलगा मागे उभा राहून ऐकायचा. एकदा आत्यांनी सांगितलं की तोही आता टेबलापाशी येऊन बसतो, ईराच्या शेजारी, आणि चुकला की तीच त्याच्या हातावर चापट मारते.

गेल्या पौषात एका सकाळी फोन आला. रविवार नव्हता. शलाकाचा चेहरा दिसला, डोळे सुजलेले, आणि तिला बोलता येईना. बाबा, एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. मी विचारतोय, अगं काय झालं, कुणाला काय झालं. तेवढ्यात ईराने तिच्या हातातून फोन घेतला. सात वर्षांची झालीय आता. टाळी नाही वाजवली तिने. सावकाश, शब्द एकेक करून माझ्यापुढे ठेवत म्हणाली,

"आजोबा, आत्या नाय आता."

मग ती रडायला लागली, आणि मीही. शलाका बाजूला उभी होती. मध्ये कुणाला काही सांगावं लागलं नाही.